बाजू पलटा, गाणं बाकी आहे

शहापूर तालुक्यातल्या खर्डीतल्या एखाद्या गाणाऱ्याने उद्या चहाच्या टपरीवर जाहीर केलं, की मी माझ्या विनोदी गाण्यांचा अल्बम काढतोय आणि तोही कॅसेटवर, तर लोक गाण्यांना हसायच्या आधी त्याला हसतील. कॅसेट वाजवायची कशावर? घरातला टेप माळ्यावर पडलेला, त्याचा बेल्ट तुटलेला, हेडवर धुळीचा थर. शिवाय हल्ली गाणं लोकांपर्यंत पोचवायला लागतंच काय? मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, यूट्यूबवर टाकायचं आणि भावकीच्या ग्रुपवर लिंक पाठवायची. पैसा खर्च करून, बाजारातून उठलेल्या वस्तूवर गाणं घालायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

तरीही जगात हे चालू आहे. कॅसेटवर, रेकॉर्डच्या तव्यावर, इतकंच काय, मेणाच्या नळीवरही नवी गाणी निघाली आहेत आणि ती काढणाऱ्यांत चेष्टेखोर मंडळी ठळकपणे दिसतात. हा नुसता चक्रमपणा आहे, की विनोदी गाण्याचं आणि जुन्या माध्यमाचं काही आतलं नातं आहे? ध्वनिमुद्रणाचा जवळपास दीडशे वर्षांचा इतिहास चाळला तर नातं आहे असंच दिसतं. मोठा बाजार ज्या माध्यमावरून उठतो, त्याच्या रिकाम्या ओट्यावर विनोदी गाणारा येऊन बसतो. ठाणे जिल्ह्याच्या या कोपऱ्यात हे विशेष घडलं, आणि त्याला वीज, रस्ते आणि खिसा अशी रोकडी कारणं आहेत.

विषयांची तर इथे ददात नाही. मुंबईला पाणी पाजणारी तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यातली. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंडे मांडून बसणारे पाडेही याच तालुक्यातले. विनोदी कवीला याहून तयार विषय आणखी काय हवा?

पहिला हिट हसण्याचा

एडिसनने १८७७ साली आवाज पकडून दाखवला. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत अमेरिकेत मेणाच्या नळ्यांवर गाणी विकायला लागली. तेव्हा सर्वांत जास्त खपलेल्या कलाकारांत जॉर्ज वॉशिंग्टन जॉन्सन हा एक होता. गुलामीत जन्मलेला हा कृष्णवर्णीय गायक न्यूयॉर्कमध्ये फेरीबोटींच्या धक्क्यावर शीळ घालून, गाणी म्हणून पैसे मिळवायचा. १८९० मध्ये त्याचं ध्वनिमुद्रण झालं आणि त्याचं हसण्याचं गाणं देशभर गाजलं. त्या गाण्यात तो खदाखदा, सुरात हसायचा.

गंमत अशी, की त्या काळी एका नळीवरून दुसऱ्या भरपूर नळ्या काढायची सोय नव्हती. कर्ण्यांसमोर तीन-चार यंत्रं मांडायची, एकदा गायचं, तीन-चार नळ्या तयार. मग पुन्हा यंत्रं मांडायची, पुन्हा गायचं आणि पुन्हा तितकंच मनापासून हसायचं. एकच गाणं जॉन्सनला दिवसातून कितीतरी वेळा म्हणावं लागायचं.

पण हसणाराच का चालला, मोठा गवई का नाही? त्याचं उत्तर आवाजाच्या शास्त्रात आहे. संगीताला खर्जापासून अगदी बारीक स्वरापर्यंत मोठा पट्टा लागतो. बोललेला शब्द मात्र साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या अरुंद पट्ट्यात भागतो. जुना टेलिफोन एवढाच पट्टा पोचवायचा आणि तरी पलीकडचा माणूस काय म्हणतोय हे व्यवस्थित कळायचं. भारी वाद्यमेळाचा कर्ण्यातून चिवडा होतो, तंबोऱ्याची आस हरवते, पण खणखणीत आवाजात म्हटलेला शब्द आणि त्यातली कोपरखळी शाबूत राहते. विनोदी गाणं शब्दांवर उभं असतं, म्हणून भिकार यंत्रही त्याला पुरतं. लाउडस्पीकरच्या फाटक्या कर्ण्यातून भारूड ऐकलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

हे मर्म ओळखून अमेरिकेतल्या दोन खट्याळ गीतकारांनी १९९६ साली एक उद्योग केला. जॉन लिनेल आणि जॉन फ्लॅन्सबर्ग यांचा 'दे माइट बी जायंट्स' नावाचा गट आहे. सीडी भरात होती त्या वर्षी ते न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजला, एडिसनच्या प्रयोगशाळेच्या संग्रहालयात गेले आणि विजेशिवाय, कर्ण्यात तोंड घालून, मेणाच्या नळीवर गाणी म्हणाले. त्यातलं एक त्याच वर्षीच्या 'फॅक्टरी शोरूम' या त्यांच्या अल्बममध्ये घेतलं. गाण्याचा विषय? विमानातला फोन, गाडीचा अलार्म अशी आपल्या आसपासची खरखर आवाजाची यंत्रं. खराब आवाजाबद्दलचं गाणं शंभर वर्षं जुन्या खराब यंत्रावर! इथे माध्यम हाच विनोद झाला.

तीन मिनिटांची तबकडी

नळीनंतर तबकडी आली. आपल्याकडे १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला, त्याने गौहर जानचं गाणं मुद्रित केलं आणि इथे ग्रामोफोनचा धंदा सुरू झाला. त्या ७८ फेऱ्यांच्या तव्याला लागणारी लाख बहुतांशी हिंदुस्थानातल्याच जंगलांतून जायची. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे पोसले जातात. त्यांच्या स्रावापासून चपडा करायचा, त्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळायची आणि तवा दाबायचा. जगभरची गाणी आपल्याकडच्या किड्यांच्या मेहनतीवर वाजत होती.

दहा इंची तव्याच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. रात्रभर चालणारं भारूड, पोवाडा किंवा वग यात बसवायचा कसा? एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडात सोंगं उभी केली. कधी विंचू चावलेला माणूस, कधी नवऱ्याला कंटाळलेली बायको, कधी जोशी, कधी वासुदेव. सोंगाला हसता हसता अध्यात्म गळ्याखाली उतरवायची ती रीत. त्यात गाणाऱ्याला मध्ये थांबायची, समोर बसलेल्या पाटलाची टोपी उडवायची, तोच चरण पुन्हा घोळवायची मुभा होती. तव्याने ती काढून घेतली. मुखडा लगेच, दोन कडवी, शेवटी टोला, की बाजू बदल. तीन मिनिटांचं विनोदी गाणं ही या तबकडीची देणगी आहे, आणि अडचणही.

१९४८ साली अमेरिकेत लाँग प्लेइंग रेकॉर्ड आली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं, आवाज साफ. इंग्लंड-अमेरिकेत १९६० च्या सुमाराला ७८ चा तवा मोडीत निघाला. भारतात मात्र तो त्यानंतरही निघत राहिला. इतका, की बीटल्सची गाणी आपल्याकडे ७८ वर दाबली गेली आणि आज जगभरचे संग्राहक ते भारतीय तवे शोधत फिरतात. यात जुन्याचं प्रेम वगैरे काही नव्हतं. खेड्यात वीज नव्हती आणि ७८ चा तवा चावीच्या फोनोवर वाजायचा. वीज नाही तिथे जुनं माध्यम जुनं होत नाही.

याच काळात तिकडे टॉम लेहररने एक पायंडा पाडला. हार्वर्डमध्ये गणित शिकवणारा हा तरुण पियानोवर बसून काळ्या विनोदाची गाणी म्हणायचा. रेडिओवर वाजण्यासारखा तो मालच नव्हता. १९५३ मध्ये त्याने बोस्टनच्या एका स्टुडिओत १५ डॉलर मोजले, तासाभरात सगळी गाणी मुद्रित केली, ४०० प्रती दाबून घेतल्या आणि विद्यापीठाच्या आवारात विकल्या. पुढे त्या रेकॉर्डच्या लाखो प्रती खपल्या. २०२० मध्ये त्याने आपल्या गीतांवरचे हक्क सोडून ती सगळ्यांना मोकळी केली. २०२५ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी तो गेला. विनोदी गाणाऱ्याला स्वतःच निर्माता व्हावं लागतं आणि प्रतींचा पहिला गठ्ठा ओळखीच्यांतच खपवावा लागतो, हा त्याच्याकडून घ्यायचा धडा. आपल्या जत्रांमधल्या गाण्यांच्या पुस्तिका याच तत्त्वावर विकल्या जायच्या. कवी स्वतः गाऊन दाखवायचा आणि ऐकणाऱ्याने पैसे टाकले की पुस्तिका हातात.

कॅसेट आली आणि गाणं गावात उतरलं

१९६३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात फिलिप्स कंपनीने छोटी कॅसेट मांडली. ती घडवणाऱ्या चमूचे प्रमुख लू ओटेन्स. फिलिप्सने हे तंत्र इतर कंपन्यांनाही वापरू दिलं, म्हणून तिचा आकार जगभर एकच राहिला. भारतात ती घराघरांत शिरली सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात. आखातात कामाला गेलेले लोक परतताना रेडिओ-टेपचा टू-इन-वन घेऊन यायचे. तो सेलवर चालायचा, म्हणजे पुन्हा विजेची अट नाही.

तोवर रेकॉर्डचा धंदा म्हणजे जवळपास एकट्या एचएमव्हीची मिरासदारी होती. रेकॉर्ड दाबायला मोठा कारखाना लागतो, कॅसेटला दोन टेपही पुरतात. दिल्लीत फळांच्या रसाचं दुकान चालवणाऱ्या कुटुंबातल्या गुलशन कुमार यांनी १९८० च्या दशकात टी-सीरिज उभी केली आणि कॅसेट स्वस्त करून ती पानपट्टीवर, किराणा दुकानात नेऊन ठेवली. अमेरिकी संशोधक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात या सगळ्याचा अभ्यास मांडला आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतातल्या ध्वनिमुद्रित संगीताच्या बाजारात कॅसेटचा वाटा ९५ टक्क्यांच्या आसपास गेला, असं ते नोंदवतात. त्यांचा मुख्य मुद्दा निराळा आहे. भांडवल कमी लागायला लागल्यावर प्रत्येक बोलीला, प्रत्येक जिल्ह्याला आपली गाणी विकता यायला लागली.

ठाणे जिल्ह्यात हे डोळ्यांसमोर घडलं. खर्डीहून लोकल धरली की ज्या कल्याण जंक्शनला उतरायचं, तिथे प्रल्हाद शिंदे यांचं बिऱ्हाड. भक्तिगीतं, भीमगीतं, कव्वाली अशा तिन्ही दालनांत त्यांचा आवाज दुमदुमला. त्यांचे चिरंजीव आनंद आणि मिलिंद कॅसेटच्या भरभराटीत पुढे आले आणि आनंद शिंदे यांचं नव्या पोपटाचं गाणं लग्नाच्या वरातीपासून ट्रकच्या केबिनपर्यंत वाजलं. चावट, दुहेरी अर्थाचं, ठेक्यावर नाचायला लावणारं. सरकारी रेडिओवर अशा गाण्याची वर्णी लागणं कठीण होतं. ते रस्त्यावर मोठं झालं. प्रल्हाद शिंदे २००४ मध्ये गेले, त्यांची नातवंडंही आज गातात.

दुसरा प्रवाह आगरी-कोळी गाण्यांचा. 'वेसावकर आणि मंडळी' या गटाच्या कॅसेटींनी वेसाव्याचा कोळीवाडा महाराष्ट्रभर पोचवला. आगरी लग्नात हळदीची रात्र म्हणजे गाण्याची रात्र. धवलारीण धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हणते, मग पोरं नाचाला उतरतात आणि तिथे टवाळीला ऊत येतो. ही टवाळी कॅसेटवर आली तेव्हा तिला गिऱ्हाईक आयतं मिळालं, कारण हळद दर लग्नसराईत असतेच. पुढे कॅसेट जाऊन सीडी, सीडी जाऊन यूट्यूब आलं तरी गिऱ्हाईक तेच राहिलं. भिवंडीचे संतोष चौधरी ऊर्फ दादूस याच गाण्यांच्या जोरावर इतके गाजले, की २०२१ मध्ये मराठी बिग बॉसच्या घरात जाऊन बसले.

शहापूर-मुरबाडची आणखी आतली गाणी, म्हणजे ठाकर आदिवासींचा कांबड नाच, गौरीची गाणी, बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवातल्या सोंगांची बोलणी, मोठ्या कंपन्यांच्या यादीत फारशी गेली नाहीत. ती 'भरलेल्या' कॅसेटवर राहिली. कॅसेट भरणं हा त्या काळचा खास शब्दप्रयोग. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दुकानात द्यायची आणि चार दिवसांनी भरलेली घेऊन जायची. किंवा टेप थेट मांडवात ठेवायचा आणि लाल बटण दाबायचं. कोरी कॅसेट परवडत नसेल तर कंपनीची आरतीची कॅसेट कामी यायची. तिच्या मागच्या कडेला दोन छोट्या टिकल्या असतात, कंपनी त्या मोडून पाठवते म्हणजे वरून रेकॉर्डिंग होत नाही. त्या भोकावर चिकटपट्टी लावली की आरती पुसून त्यावर बोहाड्याची धमाल चढायची. देव काही म्हणायचा नाही.

कॅसेटच्या पोटात

एक कॅसेट स्क्रू काढून उघडली तर आत दोन चक्र्या, त्यांच्यामध्ये ताणलेली तपकिरी फीत, बारीक रूळ आणि पत्र्याच्या पट्टीवर चिकटवलेला नमद्याचा इवलासा तुकडा दिसतो. फीत पॉलिएस्टरची, रुंदी ३.८१ मिलिमीटर, आणि तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडच्या भुकटीचा लेप, म्हणजे साध्या भाषेत गंज. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने हेडवरून सरकते. नमदा तिला हेडवर दाबून धरतो. तो निसटला की गाणं गुदमरल्यासारखं येतं आणि लोक उगाच गाणाऱ्याला नावं ठेवतात. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे नव्वद मीटर फीत मावते, कारण तिची जाडी मिलिमीटरच्या साठाव्या भागाइतकी, नव्वद मिनिटांच्या कॅसेटची तर त्याहून कमी.

या पातळपणातून एक गंमत होते. गुंडाळलेल्या फितीवर एका वेढ्याचं चुंबकत्व खालच्या-वरच्या वेढ्यांवर हलकंसं उमटतं. जोराचा आवाज असेल तर त्याची पुसट सावली खऱ्या आवाजाच्या आधी आणि नंतर ऐकू येते. विनोदी गाणाऱ्यासाठी हे मोठं संकट. तो टोल्याआधी श्वास घेतो, ढोलकी थांबते, ऐकणारे कान टवकारतात आणि त्या शांततेत येणारा टोला भुतासारखा आधीच कुजबुजून जातो. बरीच वर्षं पडून राहिलेल्या, उन्हात तापलेल्या कॅसेटवर हे जास्त जाणवतं. म्हणून जाणकार नव्वद मिनिटांची पातळ फीत टाळून साठचीच घ्यायला सांगतात.

उलट बाजूने कॅसेट विनोदी गाणाऱ्याला अशी एक गोष्ट देते, जी मोबाइलने काढून घेतली. ती म्हणजे क्रम. कॅसेटवर पुढचं गाणं एका बोटाने येत नाही, फीत पळवून नेमकं ठिकाण शोधताना वैताग येतो. त्यामुळे माणूस सलग ऐकतो. पहिल्या गाण्यात ओळख करून दिलेला सरपंच चौथ्या गाण्यात पुन्हा अवतरला, की हशा दुप्पट. पहिली बाजू निवडणुकीच्या आधीची आणि दुसरी निकालानंतरची, असा अख्खा खेळ करता येतो. बाजू पलटायला लागणारं ते अर्धं मिनिट म्हणजे फुकटचं मध्यंतर.

स्ट्रीमिंगचं गणित याच्या बरोबर उलट चालतं. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एकदा 'ऐकलं' असं धरतात. त्यामुळे जे काही करायचं ते सुरुवातीलाच करायचं, असा दबाव येतो. विनोदाला सावकाशी लागते, आधी जाळं पसरायचं आणि मग ओढायचं. शिवाय २०२४ पासून त्या कंपनीचा नियम असा, की गेल्या बारा महिन्यांत किमान १००० वेळा न वाजलेल्या गाण्याला मानधन नाही. खर्डी-कसारा पट्ट्यातल्या बोलीत, तिथल्या टँकरवर रचलेलं गाणं वर्षात ९०० वेळा ऐकलं गेलं तर गावाच्या मानाने ते तुफान चाललं, पण खात्यात पैसा शून्य. त्याच गाण्याच्या शंभर कॅसेटी म्हशाच्या जत्रेत हातोहात विकल्या तर निदान बँजोवाल्याची बिदागी सुटते.

आज काढायची तर

कोरी कॅसेट आजही मिळते. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, स्प्रिंगफील्ड शहरात नॅशनल ऑडिओ कंपनी १९६९ पासून या धंद्यात आहे. बाकीचे पाय काढत असताना ती टिकून राहिली आणि बाहेरून फीत मिळेनाशी झाल्यावर २०१८ मध्ये स्वतः फीत बनवायला लागली. तव्याची गोष्टही तशीच. भारतात रेकॉर्ड दाबणं कित्येक वर्षं बंद होतं, ते २०२४ मध्ये मुंबई परिसरात पुन्हा सुरू झालं. पण तव्याला साचा करावा लागतो, त्यामुळे प्रती थोड्या असतील तर एकेक महाग पडते. कॅसेटला साचा नको. कारखान्यात मूळ मुद्रणावरून साठपट वेगानेही नकला काढतात, आणि घरी डबल डेकवर दुप्पट वेगाने. पन्नास प्रती हव्यात तर पन्नासच काढता येतात. हौशी, एकट्याने अल्बम काढणारे गायक जगभर कॅसेटकडे वळतात ते याच हिशेबाने.

कायद्याची बाजू मात्र नीट पाहावी लागते, कारण विनोदी गाण्याची खोड अशी की ते दुसऱ्याची चाल उचलतं. ऐंशीच्या दशकात कॅसेट कंपन्यांनी मूळ गाणं दुसऱ्याच्या आवाजात गाऊन घेण्याच्या सवलतीचा सढळ वापर केला. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि ही वाट आखडली. आता मूळ मुद्रण झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं, आधी नोटीस आणि मोबदला द्यावा लागतो, आणि मोबदला दर वर्षी किमान ५०,००० प्रतींचा धरतात. विशिष्ट भाषेतल्या किंवा बोलीतल्या गाण्याचा खप लहान असतो, हे पाहून हा आकडा कमी ठरवून घेण्याची तरतूद आहे. शब्द किंवा चाल मनासारखी बदलता येत नाही, म्हणजे विडंबन यात बसत नाही. आणि विडंबनाला नाव घेऊन दिलेली सूट आपल्या कायद्यात नाही.

याच कलमात आपल्या विषयाशी थेट भिडणारं एक वाक्य आहे. नवं मुद्रण त्याआधीच्या शेवटच्या मुद्रणाच्याच माध्यमावर असलं पाहिजे, ते माध्यम बाजारातून गेलं असेल तरच दुसरं चालेल. थोडक्यात, माध्यम 'जुनं' कधी झालं हा प्रश्न उद्या वकिलाच्या टेबलावरही येऊ शकतो.

खर्डीतल्या गाणाऱ्याला सुरक्षित मार्ग दोन. एक, स्वतःची चाल लावायची. दोन, धवले, गौरीची गाणी, भारूड यांच्या परंपरेने आलेल्या चालींवर आपले शब्द बसवायचे. त्या चालींवर कोणाची मालकी नाही. फक्त दुसऱ्या कोणी अलीकडे त्याच चालीला चढवलेला साज जसाच्या तसा उचलू नये.

चिपचा जमाना आणि जपणुकीचा प्रश्न

एवढं सगळं झाल्यावर टपरीवरचा प्रश्न उरतोच, वाजवायची कशावर? त्याचं उत्तर देताना एक गोष्ट मान्य करावी लागते. या भागात आज जुनं झालेलं, पण अजून जिवंत असलेलं माध्यम कॅसेट नाही, ते आहे चिप आणि पेनड्राइव्ह. स्वस्त डेटा यायच्या आधी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची आणि त्यालाही लोक 'भरणं'च म्हणायचे. जीपमध्ये, टेम्पोत, ट्रॅक्टरवर अजून पेनड्राइव्ह लावलेला दिसतो, कारण डोंगराआड रेंज गेली तरी तो वाजत राहतो. चावीच्या फोनोला विजेची गरज नव्हती, टू-इन-वनला तारेची नव्हती, पेनड्राइव्हला रेंजची नाही. ज्याला आपली गाणी लग्नसराईत वाजायला हवीत त्याने तीच पेनड्राइव्हवर घालून जीपवाल्यांना आणि मंडपवाल्यांना फुकट वाटावीत. कॅसेट काढावी ती विकत घेऊन हातात धरणाऱ्यासाठी, गाण्याचे शब्द आतल्या कागदावर वाचणाऱ्यासाठी. दोन्ही केलं तर एकमेकांच्या पायात येत नाहीत.

आणि कॅसेट काढणाऱ्याने आणखी एक काम अंगावर घ्यावं, कारण ते दुसरं कोणी करणार नाही. १९५४ च्या कायद्याने छापलेल्या पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावीच लागते. ध्वनिमुद्रिकेला असा नियम नाही. कंपनीच्या रेकॉर्ड निदान संग्राहकांनी जपल्या. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेने जुन्या तव्यांच्या याद्या केल्या, माहिती छापली. गावात भरलेल्या कॅसेटींची यादी कुठेच नाही. कव्हर हरवलेलं, वर बॉलपेनने 'बोहाडा' एवढंच खरडलेलं, आणि आत कोणाचा आवाज आहे हे सांगणारी पिढी संपत आलेली.

शहापूर-मुरबाडचा पाऊस फितीला मानवत नाही. दमट कपाटात फितीच्या कडेवर पांढरी बुरशी धरते आणि तशीच वाजवली तर ती हेडवर जाऊन पुढच्या कॅसेटींनाही लागते. म्हणून अशी कॅसेट सापडली तर घाईने वाजवू नये. आधी उजेडात फीत पाहावी. बुरशी नसेल तर ती एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवावी, म्हणजे वेढे सुटतात. नमदा जागेवर आहे का बघावं, हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसावं. मग टेपच्या लाइन आउटमधून वायर थेट संगणकात घ्यावी. स्पीकरसमोर मोबाइल धरून केलेली नक्कल फारशी कामाची नसते. फाइल एमपी३ ऐवजी वेव्ह स्वरूपात ठेवावी आणि तिच्या नावातच गाव, साल आणि गाणाऱ्याचं नाव घालावं.

नव्या कॅसेटच्या कव्हरवरही तेच लिहावं: शब्द कोणाचे, चाल कोणाची किंवा कुठल्या परंपरेतली, ढोलकी आणि बँजो कोणाचे, रेकॉर्डिंग कुठल्या गावात, कोणत्या महिन्यात. कोणत्या टँकरवर आणि कोणत्या निवडणुकीवर गाणं आहे, तेही एका ओळीत नोंदवावं. प्रासंगिक विनोदाचा प्रसंग विसरला गेला की टोला हवेत जातो आणि पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला लोक नेमके कशाला हसत होते हेच कळत नाही. हसण्याचं कारण कव्हरवर लिहून ठेवणं जरा विचित्र वाटेल, पण जॉन्सनच्या गाण्यासारखं नुसत्या हसण्यावर टिकणारं विनोदी गाणं विरळाच.